वच्छीच्या घरची खिरापत

मी भांडकुदळ आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं कोणाला नवल वाटायला नको. माय म्हणायची, "हे पोरगी जन्मली तवा रडली नाही, दाईसंगं भांडली." नेर गावात आमचं घर कापसाच्या बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून होतं. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, मागं गोठा आणि पुढं लांबलचक ओटा. हंगामात त्या रस्त्यानं कापसाच्या बंड्यांची रांग लागायची. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, चाकांची करकर, बंडीवाल्यांच्या शिव्या, त्यात जिनिंग कारखान्याचा भोंगा, आणि या सगळ्यावर आवाज चढवून बाबा मायला विचारायचे, "भाजी कायची केली?" नवख्या पाहुण्याला वाटायचं, यांचं काहीतरी बिनसलंय. आमच्या घरात हळू बोलणारं माणूस कधी झालंच नाही, त्याला कारण हा रस्ता, असं बाबा सांगायचे. माय म्हणायची, रस्त्यावर कायले ढकलता, तुमची माय तं रस्ता नव्हता तवापासून ओरडून राह्यली.

खाणं साधंच, पण त्याचेही आवाज होते. सकाळी भाकरीची थापथाप. दुपारी पाट्यावर जवसाची चटणी वाटली जायची, तिच्यावर कच्चं तेल ओतून भाकरीसोबत खायची. आणि संध्याकाळी अंबाडीची भाजी असली की लसणाच्या फोडणीचा असा काही चर्र आवाज व्हायचा की मागच्या बुटक्या भिंतीवर शेजारच्या घरातून एक वाटी दिसायची. वाटीमागं हात, हातामागं वच्छी. "काकू, माह्या मायची भाजी आज खारट झाली." रोज तिच्या मायची भाजी कशी ना कशी बिघडलेली असायची. भिंतीवर बसूनच ती खायची आणि खाता खाता बोलत राहायची. आमच्या गुरुजींची नक्कल, बसच्या कंडक्टरची नक्कल, माझ्या बाबांची त्यांच्या तोंडावर नक्कल. बाबा हसून हसून खोकायचे. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं ज्यांनी तिला पाहिलं त्यांना वाटायचं, ही पोरगी जन्मतःच मुकी.

वच्छी म्हणजे वत्सला. तिचे वडील, आम्ही त्यांना काका म्हणायचो, कापसाच्या बाजारात मापाडी होते. दिवसभर काट्याशी उभे राहून त्यांना बोलणंही तोलून करायची सवय लागली होती. घरात ती, तिची माय, म्हणजे माझ्या काकू, आणि ते, एवढेच. आम्ही दोघी परकर-पोलक्याच्या वयाच्या होतो, तेव्हा तिच्या उजव्या अंगठ्यापाशी एक पांढरा ठिपका उठला. आधी वाटलं चुना लागला. मग ओठाच्या कोपऱ्याला एक आला. मग मनगटावर, कोपरावर. कोड. तो शब्द मोठी माणसं दार लावून बोलायची, जसा काही शब्दच उडून अंगाला चिकटणार होता. काकूंनी तिला पूर्ण बाह्यांची पोलकी शिवली. आमच्याकडचा उन्हाळा, अंगाची लाही लाही होते, आणि ही पोरगी मनगटापर्यंत झाकलेली. हळूहळू ती भिंतीवर यायची बंद झाली. तिचं बोलणं उन्हाळ्यातल्या विहिरीसारखं आटत गेलं. आधी शाळेत बोलेना, मग आळीत, मग घरातही हो-नाहीपुरतं मान हलवायला लागली. आमच्या भाजीला फोडणी पडायची आणि माय सवयीनं भिंतीकडं बघायची.

शाळेत आम्ही जमिनीवर बसायचो. प्रत्येकीनं घरून आपापलं बस्कर आणायचं, तरटाचा तुकडा नाहीतर जुन्या सतरंजीचा. पमी बसायची मधोमध. कापसाच्या व्यापाऱ्याची पोरगी, उंच, नाकीडोळी नीटस, गळा असा गोड की भुलाबाईची गाणी तिनं उचलल्याशिवाय कोणी तोंड उघडत नसे. छळणाऱ्या पोरी काही डोक्यावर शिंगं घेऊन येत नाहीत. चांगल्या दिसतात, चांगलं गातात, शिकवणाऱ्या बाईंच्या लाडक्या असतात. पमीनंच वच्छीचं नाव ठेवलं, चितळ. आमच्या जिल्ह्यातल्या पोरांना चितळ सांगावं लागत नाही, अंगावर पांढरे ठिपके असलेलं हरीण. वच्छी वर्गात आली की पमी दोन्ही हात डोक्यावर शिंगांसारखे धरायची आणि बाकीच्या पोरीही धरायच्या. एक दिवस पमीनं वच्छीचं बस्कर पायाच्या अंगठ्यानं ढकलत ढकलत दारापाशी नेलं, जिथं चपला काढलेल्या असायच्या. बाईंनी ते पाहिलं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे वत्सला, बस तिथंच. उगाच बाकीच्यांना भीती." तेव्हापासून चपलांजवळची जागा वच्छीची झाली.

मला लोक सांगतात, तो काळच तसा होता, माहिती नव्हती कोणाला. ही सबब मला मान्य नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काकांना स्पष्ट सांगितलं होतं, हे लागट नाही, सोबत बसा, सोबत जेवा. काकांनी ते आळीत ज्याला त्याला सांगितलं. ऐकायचंच नव्हतं कोणाला. आणि दुसरं सांगतात, पोरीसोरींचं चिडवणं ते, बोलल्यानं काय अंगाला भोकं पडतात? बोलणाऱ्याच्या अंगाला पडत नाहीत, हे खरं आहे.

मी माझं बस्कर उचललं आणि वच्छीच्या शेजारी टाकलं. एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली. मी पमीची वेणी धरून तिला मागं ओढलं. तिच्या वहीवर दौत सांडली. छड्या खाल्ल्या, परत भांडले. आणि दर भांडणानंतर वच्छीला जास्त भोगावं लागलं. पाण्याच्या रांजणाजवळ तिला जाऊ देईनात. ती दिवसभर तहानलेली राहायची आणि घरी येऊन घटाघटा तांब्या रिकामा करायची. शेवटी एकदा रस्त्यात थांबून ती मला म्हणाली, "तू भांडू नको, सुमे. तू भांडली का त्या चेवतात. तुले भेतात, मंग मलेच धरतात."

"मंग करू काय मी? पाहत बसू?"

"हो. बस फक्त. माह्याजवळ बस."

मला फार राग आला, आणि पमीपेक्षा जास्त तिचा आला. बसणं हे काय काम आहे? पण बसले. दात-ओठ खात बसले. मला आयुष्यात पुष्कळ गोष्टी अवघड गेल्या, त्यात हे बसणं वरच्या जागी आहे.

त्या भादव्यात काकांनी ठरवलं की वच्छीला शाळेतून काढायचं. दिवाळीला तिचे मामा येतील, त्यांच्यासोबत तिला त्यांच्या गावी, ढाणकीला पाठवायचं, तिथं शाळेत जायला नको, चिडवायला पोरी नकोत, घरात राहील, कोणाच्या नजरेला पडणार नाही. काका दुष्ट नव्हते. पोरगी रोज मान खाली घालून घरी येते हे त्यांना बघवत नव्हतं, म्हणून ती बघावीच लागू नये अशी सोय त्यांनी काढली होती. वच्छीनं हे मला गोठ्यात सांगितलं, गाईच्या आडोशाला.

"मले शाळा सोडायची नाही, सुमे. मले मॅट्रिक व्हायचं हाय."

"मंग सांग ना काकाले."

"विचारलं त्यायनं. तोंडातून शब्दच निघत नाही माह्या. मान हालवली तं त्यायले वाटलं, हो म्हनते."

म्हणजे सगळं अडलं होतं ते एवढ्यावर. तिच्या तोंडून एक शब्द निघत नव्हता आणि त्याच्यापायी ती ढाणकीला जाणार होती.

काकूंना यातलं किती कळत होतं कोण जाणे, पण त्यांनी आपल्या परीनं एक केलं. त्या वर्षी त्यांनी घरी भुलाबाई बसवली. आमच्याकडं भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई माहेरी येते, म्हणजे पार्वतीच, सोबत तिचा भुलोजी. मातीच्या रंगवलेल्या मूर्ती पाटावर मांडायच्या आणि रोज संध्याकाळी आळीतल्या पोरींनी घरोघरी जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणायची. गाणी झाली की खिरापत. ती तशी मिळत नाही, ओळखावी लागते. घरची बाई झाकणाचा डबा घेऊन येते, पोरींसमोर खडखडवते, आणि पोरी आवाजावरून, वासावरून ओळखतात. तिखट का गोड, ओली का सुकी, फुटाणे का मुरमुरे. घरची पोरगी नाही, नाही म्हणत राहते. एकीनं जरी ओळखली तरी सगळ्यांनी खायची, ओळखणारीनं पहिली मूठ घ्यायची. कोणालाच ओळखता आली नाही तर डबा न उघडता परत आत, आणि त्या घरची मोठी शरम. पोरी घरी येतील, गातील, खातील, आपल्या वच्छीत मिसळतील, असं त्या माउलीला वाटलं.

महिनाभर एक पोरगी फिरकली नाही. काकू रोज सडा टाकायच्या, रोज दिवा लावायच्या, रोज काहीतरी करून डब्यात भरायच्या. पोरी दारावरून गात जायच्या आणि पमी म्हणायची, "उद्या येतो काकू." मी एकटी जायची. एकटीनं टिपऱ्या कशा वाजणार? माझ्याच दोन टिपऱ्या एकमेकींवर आपटत मी बेसूर ओरडायची, खिरापत खायची आणि घरी येऊन मायसमोर पमीला शिव्या घालायची.

कोजागिरीला मात्र त्यांना येणं भाग पडलं. पमीची आजी भुलाबाईच्या नेमांत फार कडक. आळीत कोणती चाल कधी, कोणी काय करायचं, सगळं तिच्या शब्दावर. तिनं पमीला खडसावलं, की पाठवणीच्या दिवशी एकही भुलाबाई गाण्यावाचून राहता कामा नये, देवी माहेराहून रुसून जाते. पोरी यायच्या होत्या. हे कळल्यावर काकूंच्या अंगात उत्साह मावेना. भुलाबाईवर ज्वारीच्या धांड्यांचा मखर बांधला, कणसांसकट. आणि दुपारी कापण्या करायला घेतल्या. गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून, खसखस लावून लाटायच्या, शंकरपाळ्यासारख्या कापायच्या आणि तळायच्या. कापायला वच्छी बसली, बाह्या कोपराच्या वर सारून. तळायला मी, म्हणजे निम्म्या कढईत आणि निम्म्या माझ्या तोंडात. सगळ्या आळीत तो गुळाचा वास पसरला. तेवढ्यात दारातून पमी डोकावली, संध्याकाळी कधी यायचं विचारायला. तिनं वच्छीचे ते कणकेनं भरलेले उघडे हात पाहिले आणि आल्या पावली परत फिरली.

संध्याकाळी पोरींसोबत येताना मी तिच्या मागंच होते. ती बाकीच्यांना सांगत होती, "गानी म्हनू. पन खिरापत कोनीच ओळखायची नाही. तोंडाले कुलूप. ओळखली तं खावी लागते." आणि मागं वळून माझ्याकडं बघून म्हणाली, "तू तं दुपारपासून तथीच होती. पाह्यलं तिनं ओळखायची नाही. नेम हाय." होताच तो नेम. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला उलट उत्तर दिलं नाही, आणि पमीला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता.

गाणी झाली. पमी गायलीसुद्धा छान, तो तिचा गुण मी नाकारत नाही. काका बाहेर ओट्यावर बसले होते. काकूंनी डबा आणला, समोर राहणाऱ्या, पत्र्याचे डबे बनवणाऱ्या शब्बीरचाचांनी झाळून दिलेला, घट्ट झाकणाचा. "ओळखा वं पोरींनो," म्हणाल्या आणि खडखडवला. एरवी इथं कालवा व्हायचा. कोणी बोललं नाही. काकूंनी परत खडखडवला. पोरी आढ्याकडं, एकमेकींच्या टिपऱ्यांकडं, कुठंकुठं बघत होत्या. काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, उतरेना, आणि तेच मला बघवेना. वच्छी मखराच्या मागं भिंतीला टेकून बसली होती, हात परकराच्या घोळात. पमी अगदी गोड आवाजात म्हणाली, "आमाले नाही ओळखू येत, काकू. ठेवून द्या डबा आतमदी."

"लाडू," मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. पमी म्हणाली, "तुले मनाई हाय."

"बरोबर सांगायची मनाई हाय. चुकीचं बोलायले कोनं मना केलं? अन् ओळखनं चालू असल्यावर कोनी उठायचं नाही, हा तुह्याच आजीचा नेम हाय. बस खाली." मग काकूंकडं वळले. "काकू, तुमी डबा वच्छीले द्या. घरच्या पोरीनं सांगाचं असते."

काकूंनी डबा वच्छीच्या मांडीवर ठेवला. वच्छीनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी तिला विहिरीत ढकलतेय. ढकलतच होते.

"लाडू," मी परत म्हणाले.

तिनं मान हलवली.

"मान हालवून नाही चालत. बोलावं लागते."

तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. मी म्हणाले, "ऐकू नाही आलं." कोणाला वाटेल मी निर्दयी. असेन. दया तिच्यावर सगळेच करत होते, आणि तिला ढाणकीला धाडत होते.

"नाही," ती म्हणाली. कुजबुजच ती, पण शब्द होता.

"चिवडा?"

"नाही."

"करंज्या? शेव? तिळगूळ?"

"नाही. नाही. नाही."

"खडखडव ना मधून मधून. नुसतं नाही नाही कायचं?" तिनं डबा हलवला. "ताक," मी म्हणाले.

पमीच्या बाजूची एक पोरगी फिसकन हसली. "खडखड वाजते तं ताक कसं असन वं?" पमीनं तिला चिमटा काढला. पण कुलूप थोडं सैल झालं होतं. मी सुरूच ठेवलं. माझ्या मायनं जन्मभर जे जे रांधलं ते सगळं मी त्या डब्यात घातलं. पिठलं, आंबील, अंबाडीची भाजी, वांग्याचं भरीत, घुगऱ्या, मुंगवड्या. वच्छी डबा खडखडवायची आणि नाही म्हणायची. खायचं संपलं तेव्हा मी गोठ्यात शिरले. सरकी. ढेप. कडबा. तिथं काकू तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. वच्छीचा आवाज आता खोलीभर ऐकू येत होता. डबा दोन्ही हातांनी हलवताना तिच्या बाह्या मागं सरकल्या होत्या आणि तिचं तिकडं लक्षच नव्हतं.

"कवेलू?"

"नाही."

"बाईंची छडी, तुकडे करून?"

"नाही वं." आणि ती हसली. कितीतरी महिन्यांनी मी तिचे दात पाहिले.

बाहेर दिवेलागण होऊन गेली होती. घराघरांतून आया पोरींना जेवायला हाका मारत होत्या. खोलीत गुळाचा आणि खसखशीचा वास कोंडला होता आणि पोरींच्या पोटात कावळे ओरडत होते, ते दिसत होतं. एक उठायला लागली. मी म्हणाले, "ऊठ. अर्ध्यातून ऊठ अन् जाऊन सांग पमीच्या आजीले." ती बसली. मला रात्रभर बसायला काही अडचण नव्हती. बसण्याचा सराव मला पमीनंच दिला होता, त्या चपलांपाशी.

"बंडीचा खिळा," मी म्हणाले.

"नाही," वच्छी म्हणाली, चांगलं ठणकावून, थेट पमीकडं बघून.

आणि पमीचा तोल गेला. "कापण्या," ती ओरडली. "कापण्या हायेत त्या. मेलेल्या मानसालेबी वास येऊन राह्यला. संपव आता."

पमीला स्वतःलाच कळलं की आपण काय केलं. मग वच्छी म्हणाली, "हो." झाकण काढलं, डाव्या हातानं डबा धरला, उजव्या हाताची मूठ भरली आणि उठून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो अंगठा, ते मनगट, सगळं दिव्याच्या उजेडात उघडं.

"घे, पमी. तू ओळखली. पहिली तुही."

भुलाबाईसमोर खिरापत नाकारायची कोणाची छाती नव्हती. पमीनं हात पुढं केला, बोटांच्या टोकांनी घेतल्यासारखं करून मूठ मिटली आणि तशीच, मिटल्या मुठीनं, घरी गेली. खाल्ली का गटारात टाकली, मला माहीत नाही आणि मला त्याचं काही पडलंही नाही. बाकीच्या पोरी भुकेल्या होत्या. पहिलीनं एक कापणी बिचकत चावली. मग दुसरीनं मागितली. मग डब्यात हातांची झुंबड उडाली आणि वच्छी ओरडत होती, "एकेक जन घ्या ना वं." मी सगळ्यात जास्त खाल्ल्या. घसा कोरडा पडला होता माझा.

पोरी गेल्यावर काका आत आले. बाहेर बसून त्यांनी सगळं ऐकलं असणार. ते भुलाबाईसमोर जरा वेळ उभे राहिले आणि मग काकूंना म्हणाले, "मामाले निरोप धाडाचा हाय. दिवाळीच्या आधीच हिले घेऊन जाय म्हनतो."

"मी जात नाही, बाबा," वच्छी म्हणाली.

काकांनी मान वर केली.

"मी ढाणकीले जात नाही. मले शाळा शिकाची हाय."

"बेटा, त्या पोरी आज खाऊन गेल्या म्हनून उद्या सुधरतीन का?"

"नाही सुधरनार. राहू द्या त्यायले तशाच. मी कायले जाऊ?"

काका माझ्याकडं वळले. "हे तू शिकवलं का तिले?"

मी तोंड उघडलं होतंच. पण वच्छीच आधी बोलली. "तिले काहून विचारता? मले विचारा ना."

आजवर त्या घरात असं कोणी बोललं नव्हतं. काकांनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं, जसं काट्याकडं बघायचे, काटा स्थिर होईपर्यंत. मग म्हणाले, "बरं." एवढंच. काकूंनी डोळे पुसले आणि विचारलं, ताटं वाढू का. मी म्हणाले, माझंही वाढा.

लोक मला विचारतात, मग पुढं ती मोठी कोणी झाली का, हुशार होती का. मला हा प्रश्न आवडत नाही. हुशार नसती तर चपलांपाशी बसवायला चालली असती का? ती मॅट्रिक झाली, थर्ड क्लासनं झाली. लग्न झालं, पोरं झाली, कोड हळूहळू सगळ्या अंगभर पसरलं आणि तिनं अर्ध्या बाह्यांची पोलकी घातली. आता फोन करते तेव्हा मला बोलायला जागा ठेवत नाही.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं. मला वाटलं होतं, वर्गात आता सगळं वेगळं असेल. तसं काही नव्हतं. रात्री कापण्या खाल्लेल्या पोरी सकाळी पमीभोवती बसल्या होत्या, आणि पमीनं आम्हाला बघताच हात डोक्यावर धरले. मी रोजच्यासारखं दारापाशी बस्कर टाकलं आणि बसले. वच्छी थांबली नाही. ती चपला ओलांडून आत गेली, मधोमध, आणि पमीच्या शेजारी तिनं आपलं बस्कर अंथरलं. पमी झटकन बाजूला सरकली. तिच्यामागं दुसरी सरकली, तिसरी सरकली, बघता बघता वच्छीच्या भोवती चांगली ऐसपैस जमीन रिकामी झाली. बाईंनी हजेरीपटातून मान वर केली. मला वाटलं, आता ही उठणार, आता ही माझ्याकडं येणार.

वच्छीनं आजूबाजूला नीट पाहिलं. मग पाय पसरून ऐटीत मांडी घातली, वही काढली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "सुमे, तथी काय करून राह्यली? इकडं ये. मस्त जागा झाली."